दहा रुपयांचा इसार

जुळे सोलापूर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,

आशीर्वाद. इंद्रजीतराव आणि मुलं खुशाल असतील असं धरून लिहितो.

माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही, म्हणून पत्र. वेळापूरच्या शाळेत गुरुजी सांगायचे, कामाचं पत्र असेल तर काम पहिल्या चार ओळींत यावं. तर काम असं. तात्यांची अल्टो विकायची आहे. ते जाऊन तीन वर्षं झाली तरी गाडी त्यांच्याच नावावर आहे. विकायची तर आधी वारस म्हणून माझ्या नावावर करावी लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या वारसाचं, म्हणजे तुझं, ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. कागद सोबत जोडला आहे. दोनच पानं आहेत. अकलूजला नोटरीपुढं सही करून पाठव. पेन्सिलीनं खूण केली आहे, तिथं फक्त सही करायची. बाकी काही बघायला नको.

गाडी आमच्या इमारतीखाली उभी असते. मी कॉलेजात स्कूटरवर जातो. सोसायटीचे लोक म्हणतात, एक तर चालवा नाही तर हलवा. मागच्या काचेवर तात्यांनी लावलेला नंदीचा स्टिकर अजून आहे. साठाव्या वर्षी गाडी शिकलेला माणूस. तुला सणाला आणायला निघाले की आदल्या दिवशीच धुऊन ठेवायचे.

भाऊबीजेला यंदाही आली नाहीस. तुझ्या वहिनीनं ताट करून ठेवलं होतं. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. नोंदणी कचेरीतल्या त्या दिवसाबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. पण ते वेगळं आणि हे वेगळं. रानाचं जे झालं ते कायद्यानं, चार माणसांसमोर झालं. गाडीचं काम साधं आहे.

कागदाची वाट बघतो.

तुझा दादा,
अभिमन्यू


रविवार, ९ नोव्हेंबर

चि. सौ. रेश्मा,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, हे मी स्वतःला सांगतो आहे.

मधल्या आठवड्यात आमच्या घरी फार गंमत झाली, ती तुला सांगावीशी वाटली. आरोहीनं गाडीचे सहा फोटो काढून इंटरनेटवर जाहिरात टाकली. मी म्हटलं होतं पेपरात देऊ. ती म्हणाली, "पप्पा, पेपर वाचून आता कोण गाडी घेतंय?" जाहिरात टाकून चहा गाळेपर्यंत पहिला फोन आला. एक बाई म्हणाल्या, "सर, आमच्या कंपनीनं तुमची गाडी निवडलीय. गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलंय. फक्त नोंदणीचे नऊशे नव्व्याण्णव रुपये भरा." मी म्हटलं, "समोर बसलंय तर फोन द्या की त्यांच्याकडं." बाई म्हणाल्या, "ते जेवायला गेलेत."

दुसरा एक जण निम्म्या किमतीला मागत होता. "आत्ता हो म्हणा, तासात गाडी उचलतो." नाही म्हटलं तरी दिवसात नऊ वेळा फोन. नवव्या वेळेला तुझ्या वहिनीनं उचलला. "अवो, म्हस घ्याची झाली तरी मानूस दावनीला येऊन दात बघतंय. तुमी न बघता गाडी घेताय, मंजी गाडी तरी चोरीची नायतर तुमी तरी!" त्यानंतर त्याचा फोन नाही.

मंगळवारी मात्र एक चांगला माणूस भेटला. भेटला म्हणजे फोनवर. बोलणं आपल्याकडचंच. "रामराम दादा. मी फौजेत हाय. लांब पोस्टिंग हाय, यायला जमत न्हाय. आईला दवाखान्यात न्यायाला गाडी पायजे." किमतीत त्यानं एक रुपयाही घासाघीस केली नाही. आणि म्हणाला, "दादा, इसार देतो. आपल्यात इसार घेतला की गाडी दुसऱ्याला द्याची न्हाय, व्हय का न्हाय?" लगेच फोनवर दहा रुपये जमा झाले. "पोचत्यात का बघाया दहाच धाडलं. पन इसार मनून धरा."

इसार हा शब्द ऐकला आणि मला तात्या दिसले. तुला आठवतं? तांबड्या कालवडीचा इसार म्हणून पिलीवच्या माणसानं एक रुपया दिला आणि तो अठरा दिवस फिरकला नाही. मधे दुसरा जास्त पैसे घेऊन दारात उभा राहिला. तात्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. तू विचारलंस, "तात्या, ती आपलीच हाय ना अजून?" ते म्हणाले, "न्हाय बाळ. इसार घेतल्यापास्नं आपण राखणदार." अठरा दिवस त्या कालवडीला पहिली पेंढी.

फोनमधले दहा रुपये देवापुढं ठेवता येत नाहीत. म्हणून मी खिशातली दहाची नोट काढून सिद्धेश्वराच्या तसबिरीपुढं ठेवली.

आणि बघ, त्याच संध्याकाळी खरं गिऱ्हाईक दारात. हाशमभाई म्हणून आहेत, टॉवेलचं दुकान आहे त्यांचं. बायको अमिनाबी सोबत होत्या, त्यांचे गुडघे गेलेत, स्कूटरवर बसता येत नाही. त्या पुढच्या सीटवर बसल्या, पाय लांब केला आणि म्हणाल्या, "पाँव सीधा होता जी इसमें." हाशमभाई पैसे घेऊनच आले होते. मी हात जोडले. म्हटलं, इसार घेतलाय.

"कुणाचा? माणूस बघितला का तुम्ही?"

"नाही."

"त्यानं गाडी बघितली?"

"फोटो बघितले."

"मग सौदा कुणात झाला भाऊ? फोन-फोनमधी?"

मी म्हटलं, शब्द दिलाय. त्यांनी दुकानाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "बरं. तुमचा शब्द सुटला की सांगा. मी थांबतो." अमिनाबींना गाडीतून उतरायला जरा वेळ लागला.

मला त्या रात्री समाधान वाटलं. तात्यांसारखा वागलो असं वाटलं.

कागद लवकर पाठव.

तुझा दादा


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रेश्मा,

गाडीचा व्यवहार जरा लांबला आहे. फौजी माणसाची काही अडचण निघाली. तू कागदाची घाई करू नकोस. आम्ही सगळे ठीक आहोत.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी कचेरीत तुझा चष्मा नव्हता. तो तू घरी विसरली होतीस का? मला नीट आठवत नाही.

दादा


रविवार, २३ नोव्हेंबर

रेश्मा,

आजही आशीर्वाद लिहीत नाही. पत्र संपेपर्यंत का ते कळेल.

मागच्या पत्रात मी दोन खोट्या गोष्टी लिहिल्या. व्यवहार लांबला नव्हता, मी फसलो होतो. आणि चष्म्याचं मला सगळं नीट आठवतं.

आधी फसल्याचं. मंगळवारी, अकरा तारखेला, जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. म्हणाला, अर्धे पैसे आत्ता पाठवतो, एक चौकोनी कोड धाडलाय तो फोननं स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. मी विचारलं, "पैसे घ्यायला पिन कशाला?" तो म्हणाला, "दादा, फौजेच्या खात्याची पद्दत हाय ती. सगळीच असं करत्यात." मी पिन टाकला. अठ्ठेचाळीस हजार गेले. माझ्या खात्यातून गेले, रेश्मा. आरोहीच्या पुढच्या वर्षाच्या फीचे होते.

मी ओरडलो. तो शांत. "अवो, उलटं झालं जनू. घाबरू नका. दुसरा कोड धाडतो, तेवढा एकदा करा, दोनी मिळून परत येत्यात." मी म्हटलं, नको, मी मुलीला विचारतो. तेव्हा तो आवाज असा काही दुखावला की मलाच वाईट वाटलं. "दादा, पोरीला काय विचारताय? विश्वास न्हाय व्हय माज्यावर? मी काय तुमाला फशिवणार हाय का? सख्ख्या भावासारकं बोलतोय."

माझं बोट फोनवर होतं. ते तिथंच थांबलं. हे वाक्य ऐकल्यासारखं वाटत होतं. मग उमगलं की मी ते ऐकलेलं नव्हतं, मीच बोललो होतो. तात्यांच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात तू म्हणालीस, "दादा, यांना विचारून सांगते," आणि मी म्हणालो, "इंद्रजीतरावांना काय विचारायचं त्यात? मी काय तुला फसवीन का?" तसाच दुखावलेला आवाज काढून. त्या आठवड्यात मी तुला किती फोन केले ते मोजले नव्हते. निम्म्या किमतीला गाडी मागणाऱ्याला नऊ फोनांवरून हसलो, पण माझे त्याहून जास्त असतील.

मी फोन ठेवला. मग तो पुन्हा पुन्हा करत राहिला. आधी गयावया, मग धमकी, शेवटी चेष्टा. "काय मास्तर, इसार घेऊन शब्द मोडताय व्हय?" चोरानं मला माझ्या बापाचा शब्द ऐकवला.

आरोहीनं तक्रारीच्या नंबरावर फोन लावला, मग मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथं एक तरुण पोलीस बाई होत्या, तुझ्या थोरलीएवढ्या. चांगल्या वागल्या, पाणी दिलं. लिहून घेताना एकेक विचारत होत्या.

"कुणी जबरदस्ती केली का काका?"

"नाही."

"धमकी दिली?"

"तेव्हा नाही."

"पिन तुमीच टाकला?"

"हो."

"राजीखुशीनं?"

बाईंना कागदाचा रकाना भरायचा होता, दुसरं काही नाही. पण नोंदणीच्या अधिकाऱ्यांनी तुला हेच विचारलं होतं. "बाई, मजकूर वाचलाय ना? राजीखुशीनं सही करताय ना?" तू त्यांच्याकडं बघितलं नाहीस. तू माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. मग तू म्हणालीस, "व्हय."

आता चष्म्याचं. मी तुला न्यायला अकलूजला आलो होतो, याच अल्टोनं. तू गाडीत बसलीस आणि म्हणालीस, "दादा, थांब, चष्मा राह्यला." मी गाडी चालू केली. म्हणालो, "सही करायचीय, पोथी वाचायची न्हाय." तू हसलीस. कागदावर पहिल्याच ओळीत जाड अक्षरात हक्कसोडपत्र लिहिलं होतं. मी तुला सांगितलं, तात्यांच्या जागी वारसांची नावं लावायचा कागद आहे, सगळ्यांच्या सह्या लागतात. "तुझा हिस्सा कुठं पळून चाललाय?" असंही म्हणालो. परत सोडताना तू मला ऊस दिलास आरोहीसाठी. मी घेतला.

मी असं का केलं? मला पैशाची निकड नव्हती. लोक बोलत होते, बहिणीचं नाव राहिलं की उद्या भाचे वाटणीला उभे राहतात, आत्ताच मिटवून टाक. माझ्या मनात होतंच ते, लोकांनी फक्त तोंडावर आणलं. सातबाऱ्यावर तुझं नाव नाही हे तुला चार महिन्यांनी कळलं आणि तू दारात येऊन उभी राहिलीस. भांडली नाहीस. एवढंच विचारलंस, "दादा, मी कशावर सही केली?" मी काय म्हणालो ते तुला आठवतच असेल. मी म्हणालो, "सही तुझीच हाय की."

पोलीस ठाण्यातून घरी आलो तर देवापुढं ती दहाची नोट होती. चोराचा इसार म्हणून ती उचलायला गेलो. देवापुढं चोराचं नको असं वाटलं. शेजारी नैवेद्याची वाटी होती. भाकरीचा कुटका आणि गूळ. आपल्या रानातली ज्वारी, रेश्मा. वाट्यानं दिलेल्या रानातून दरवर्षी दोन पोती येते. तीन वर्षं मी रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या अंगानं, तुझ्या हिश्श्याच्या ज्वारीची भाकरी देवाला दाखवतोय.

नोट उचलली नाही. ती तिथंच आहे.

या पत्राला उत्तर नको. गाडीचा कागदही फाडून टाक. त्यावर मी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

अभिमन्यू


रविवार, ७ डिसेंबर

रेश्मा,

सोबत एक मसुदा आहे. बक्षीसपत्राचा. निम्मं रान तुझ्या नावावर करायचा. एकदा सोडलेला हक्क परत कसा द्यायचा, हे वकिलांना विचारलं. ते म्हणाले, आता तुम्ही स्वतःहून दिलं तरच.

कुठंही खूण केलेली नाही. हा फक्त मसुदा आहे, यावर सही चालत नाही, म्हणजे घाईत चुकूनही काही व्हायचं नाही. तू वाच. इंद्रजीतरावांना वाचायला दे. वकील तुझा तू कर, माझ्या वकिलावर भरवसा ठेवू नकोस. नको वाटलं तर नको म्हण. महिना लागू दे, वर्ष लागू दे. मी फोन करणार नाही, दुसऱ्या कुणाच्या नंबरावरूनही नाही.

तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रानावरून अडून बसेल. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तीन वर्सं भाऊबीजंचं ताट करत्ये. ते काय तुमाला दिसाया करत हुते व्हय? कोन येनार न्हाय ते मला म्हाईत हुतं." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं होतं, आणि मी सांगेन म्हणून थांबली होती.

गेलेले पैसे मिळतील असं पोलीस बाई म्हणत नाहीत, मिळणार नाहीत असंही म्हणत नाहीत. आरोहीची फी मी पगारातून हप्त्यानं भरतो आहे.

हाशमभाईंच्या दुकानात गेलो होतो. मला वाटलं ते हसतील. त्यांनी टॉवेलांची थप्पी बाजूला सारून बसायला जागा केली आणि विचारलं, "सुटला का शब्द?" मी म्हटलं, चोराचा सुटला. पण गाडी आता माझ्या एकट्याची नाही, बहिणीचीही आहे, तिच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय विकता येणार नाही. अमिनाबी आत शिलाईच्या मशीनवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "भाई, एक बहन को पूछने में इतना टाइम?" हाशमभाई म्हणाले, "गप गं." पण बाईंचं खरं होतं.

अभिमन्यू


रविवार, २८ डिसेंबर

रेश्मा,

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. पोस्टमननं सही मागितली तेव्हा मी पाकीट उलटसुलट करून पत्ता पूर्ण वाचला आणि मग सही केली. तो जरा वैतागला.

मी पाकीट देवापुढं ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. आरोही शेवटी म्हणाली, "पप्पा, आत्यानं पाठवलंय, बॉम्ब नाही."

वर गाडीचा कागद होता. फाडला नाहीस. नवा करून घेतलास, पेन्सिलीच्या खुणा नसलेला. दोन्ही पानांखाली तुझ्या अक्षरात 'वाचले' असं आहे, त्याखाली सही आणि नोटरीचा शिक्का. शाळेत असताना तुझा ल असाच लोंबायचा.

त्याखाली मसुदा. सही नाही, आणि मी मागितलीही नव्हती. पण लाल शाईनं चतुःसीमेवर काट मारलेली. वकिलांनी उत्तरेस ओढा लिहिलं होतं. तू लिहिलंस, "उत्तरेस ओढा नाही, पाट. ओढा पश्चिमेस, चिंचेच्या खालून." तुझंच बरोबर आहे. मी तो मसुदा दोनदा वाचला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सोलापूरला शिकायला आलो तेव्हा तात्यांबरोबर पाण्याच्या पाळीला तू जायचीस. रान तुझ्या पायाखालचं होतं. माझं फक्त कागदावर.

शेवटच्या पानाच्या मागं एकच ओळ होती. मायना नाही, खाली नाव नाही.

"तारीख कळव. आणायला येऊ नकोस, एस.टी.नं येईन. चष्मा घेऊन येते."

मी ती ओळ तुझ्या वहिनीला वाचून दाखवली. ती उठली. जाऊन दळण टाकून आली.

मसुदा दुरुस्त करून घेतला आहे, प्रत सोबत आहे. मंगळवार, ६ जानेवारी, सकाळी अकराची नोंदणी कचेरीची वेळ मिळाली आहे. चालत नसेल तर दुसरी घेऊ. हाशमभाईंना गाडी त्यानंतर. त्यांनी काल इसार दिला. मी म्हटलं, दहाच द्या. त्यांनी दहाची नोट दिली, ती मी तसबिरीपुढं ठेवली आणि तिथली जुनी काढून घेतली. ती कुणाला द्यावी कळेना, म्हणून खिशातल्या पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे. अडीअडचणीला सुद्धा मोडायची नाही.

तू स्टँडवरून चालत ये, मी रस्त्यात येणार नाही. कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बाक आहे, तिथं बसेन. तू कागद वाचून होईपर्यंत आत येणार नाही. मग अधिकारी बोलावतील आणि राजीखुशीचं विचारतील. या खेपेला देणारा मी आहे, म्हणून ते मला विचारतील.

हो म्हणताना मी कुणाकडं बघणार नाही.

अभिमन्यू